पुढच्या चार रांगा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पुण्याच्या मंडईत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना आर्यन पार्किंग ठाऊक असेल. माणूस तिथे स्कूटर लावतो, पावती खिशात घालतो आणि पिशवी झटकत भाजीकडे वळतो. त्या नावाचा सिनेमाशी काही संबंध असेल असं आजच्या मुलांच्या मनातही येत नाही. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. गंगाधर नथुजी पाठक यांनी ते १९१५ साली सुरू केलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तो ३ मे १९१३ रोजी. म्हणजे आपला सिनेमा जेमतेम पावलं टाकू लागला होता तेव्हाच मंडईशेजारी हा पडदा उभा राहिला. मूकपट गेले, बोलपट आले, रंग आले, आणि १९८३ साली ते थिएटर पाडलं गेलं. नाव तरी उरलं ना, असं म्हणून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही.

मुंबईची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. 'आलमआरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही आणि मॅजेस्टिकही नाही. चित्रपट गेला आणि तो जिथे पहिल्यांदा बोलला ती जागाही गेली. चित्रपट जपायला निदान एक संस्था आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्या पुण्यातच आहे. तिथे रिळं धुऊनपुसून, थंड खोलीत ठेवून, एकेक चौकट दुरुस्त करून जुने चित्रपट नवे होतात. पण माणसं जिथे बसून ते बघत होती त्या जागेचं काय करायचं, हा प्रश्न आपण नीट विचारलेलाच नाही.

तसं बघितलं तर जुन्या टॉकीजच्या आठवणींना सध्या बरे दिवस आहेत. नव्या हॉटेलांत 'हाऊसफुल्ल'ची लाल पाटी भिंतीला टांगलेली असते. आमच्या जुन्या बाजारात मी एकदा लोखंडी पायांच्या तीन खुर्च्या पाहिल्या, एकमेकींना जोडलेल्या, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेल्या. विकणाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून मी हात मागे घेतला. त्या खुर्चीत बसून ज्यांनी पिक्चर पाहिले त्यांच्यापैकी कुणालाही ती परवडली नसती!

काही चित्रपटगृहं पुन्हा उभी राहिली, हेही सांगितलं पाहिजे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं होतं. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडलं. चर्चगेटसमोरचं १९३८ चं इरॉस २०१७ मध्ये बंद झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. बाहेरची रेषा जुनी, आतला संसार नवा. कुलाब्याचं १९३३ चं रीगल आणि हे इरॉस ज्या परिसरात येतात त्याला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्यांनी हे केलं त्यांचं कौतुकच आहे. पण श्रोतेहो, ही सगळी टॉकीजं जन्मापासूनच देखणी. त्यांना वास्तुविशारद होते, संगमरवर होता, आता त्यांच्यासाठी भांडणारी शिकलेली माणसं आहेत. पेठेतल्या, गल्लीतल्या, गिरणगावातल्या टॉकीजला यातलं काहीच नव्हतं. वर पत्रा, आत पंखे, भिंतीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या. त्याला वारसा म्हणा असं सांगायला गेलं तर लोक हसतात. आणि मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

मी नाना पेठेकडचा. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. ज्ञानेश्वर माउलींची शेजारच्या भवानी पेठेत. आमच्या गल्लीत एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला तालीम, मध्ये लाकडाच्या वखारी आणि भंगारची दुकानं. चालत सात-आठ मिनिटांवर टॉकीज. नाव मुद्दाम घेत नाही, कारण आज त्याला कुलूप आहे, घरातल्या वाटणीचा वाद कोर्टात आहे आणि माझ्या बोलण्याने कुणाचं वाईट व्हायला नको. माझे एक मामू तिथे ऑपरेटर होते.

ऑपरेटर म्हणजे काय हे आज समजावून सांगावं लागतं. पडद्यावर चित्र पाडणाऱ्या खोलीला आम्ही केबिन म्हणायचो. तिथे दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटांत संपायचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जायचा, मग काही सेकंदांनी दुसरा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्याला उजेड त्याच्याकडे द्यायचा. खाली बसलेल्या आठशे माणसांना काही कळता कामा नये. कळलं तर शिट्ट्या आणि मामूंच्या सात पिढ्यांचा उद्धार. उजेड यायचा कार्बनच्या दोन कांड्यांतून. त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान पेटायची आणि कांड्या जळून आखूड होत जायच्या, म्हणून त्यांच्यातलं अंतर सारखं जुळवत राहावं लागे. अंतर चुकलं की नायिकेचा चेहरा पिवळा पडे. केबिनमध्ये उन्हाळ्यात भट्टी. मामू बनियनवर काम करायचे. मी वर गेलो की एकच वाक्य: "हात नको लगा. दूर से देख."

त्या 'नको'कडे लक्ष द्या. आमच्या घरची बोली दखनी. तिच्यात हा मराठी 'नको' केव्हापासून घर करून बसलाय कुणास ठाऊक. मराठी मी शाळेत शिकलो हे खरं, पण शाळेतली मराठी धड्यातली. भांडणारी, लाडात येणारी, सासूला टोमणे मारणारी, पाटलासमोर अडखळणारी मराठी मला पडद्यावर भेटली. आमच्या घरी अम्मी अब्बांना हाक मारायची ती "सुनते क्या" अशी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पडद्यावर एका बाईने "अहो, ऐकलंत का" म्हटलं तेव्हा आमच्या रांगेत आम्ही दोघे भाऊ एकदम हसलो. आमचीच अम्मी नऊवारी नेसून उभी आहे असं वाटलं. पुढे मी मराठीत कविता लिहायला लागलो तेव्हा मला पुष्कळांनी विचारलं की तुम्ही मराठीकडे कसे वळलात. वळावं लागलंच नाही. दीड-पावणेदोन रुपयांचं तिकीट होतं, पुढच्या चार रांगांचं.

त्या चार रांगांबद्दल थोडं सांगतो. पडद्याच्या इतक्या जवळ की मान दुखायची. तिथे बसायचे वखारीतले हमाल, रिक्षावाले, आमच्यासारखी पोरं, पालखीच्या दिवसांत एखाददुसरा वारकरीसुद्धा. दिवे गेले की कोण कुणाचा हे दिसत नसे. इंटर्व्हलला दिवे आले की मग ओळखी निघायच्या, खारे दाणे या हातातून त्या हातात जायचे. ईदच्या दिवशी ईदीचे पैसे घेऊन आम्ही सकाळीच रांगेत. तिथे तालमीतली पोरं आमच्या आधी आलेली असायची, कारण ईदला नवा पिक्चर लागतो हे त्यांनाही ठाऊक. रमजानभर पिक्चर नाही असा आमच्या घरचा दंडक होता, आणि त्या महिन्यात मामू केबिनमध्ये रोजा ठेवून काम करायचे. सहाच्या खेळात इफ्तारची वेळ आली की डोअरकीपर, तो हिंदू, पाण्याचा तांब्या आणि दोन खजूर वर नेऊन द्यायचा. रीळ चालू असताना त्यांना केबिन सोडता येत नसे.

माझ्या नानीने प्रभातचा 'संत तुकाराम' पाहिला होता. १९३६ चा चित्रपट. मुंबईत तो वर्षाहून जास्त चालला. नानीने मात्र फार पुढे, पुन्हा लागला तेव्हा, शेजारच्या मावशीबरोबर जाऊन पाहिला. तिला अभंग समजत होते का? तिला विचारलं तर म्हणायची, "आवली समजली." नवरा भजनात आणि चूल थंड, हे समजायला अभंग कशाला पाहिजेत?

आणि हे मला जरा थांबून सांगायचं आहे. आमच्या गल्लीतल्या बायका घराबाहेर पडून कुठे बसू शकतील अशी जागा कोणती होती? लग्नघर, मयताचं घर, दवाखाना. चौथी जागा म्हणजे टॉकीज, आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी. बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी, बसायला एक बाजू राखलेली. अम्मी जोहरची नमाज उरकून निघायची आणि अब्बा यायच्या आत परत. बरोबर विड्या वळणाऱ्या दोन शेजारणी. आत गेल्यावर बुरखा काढून खुर्चीच्या हातावर ठेवलेला. रडायला तिथे मुभा होती. घरात रडलं तर चार जण विचारणार, काय झालं. तिथे कुणी विचारत नसे, कारण सगळ्याच रडत असायच्या.

आठवणींवर साखर पेरायची नाही, असं मी ठरवून आलोय. म्हणून दुसरी बाजूही ऐका. खुर्च्यांत ढेकूण होते. मुतारीचा वास शेवटच्या रांगेपर्यंत यायचा. बायकांसाठी म्हणून जो संडास होता त्याला कडी नव्हती. अम्मी तीन तास पाणी पीत नसे. संध्याकाळच्या खेळाला एकटीदुकटी मुलगी आली तर तिचं काही खरं नसे. शहरात तणाव असला की पहिलं कुलूप टॉकीजला लागायचं आणि मग महिनाभर त्या चार रांगांतही लोक एकमेकांकडे बघून बसायचे. हे सारं होतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी त्या संडासात एकदा जाऊन यायला हवं होतं.

बंद का पडली, याची कारणं आता सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून भरभर सांगतो. १९८२ नंतर रंगीत टीव्ही घरोघर आला, मग भाड्याचा व्हिडिओ, मग केबल. २००१ मध्ये आपल्या राज्याने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. जुनी टॉकीजं कर भरत राहिली. २०१३-१४ पर्यंत रिळांचं युगच संपलं. डिजिटल यंत्रं घ्यायला पैसे कुठले? मामूंसारख्यांची विद्या एका वर्षात निरुपयोगी झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तेव्हा लागलेली कितीतरी कुलपं पुन्हा निघालीच नाहीत. आमच्या टॉकीजचंही त्यातच.

आता तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? सगळी उभी करणं शक्य नाही. मलाही ते कळतं. पण एक उदाहरण पुण्यातच आहे. आप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात टॉकीज २१ सप्टेंबर १९३४ रोजी 'अमृतमंथन'ने सुरू झालं. मराठी चित्रपटाचं ते माहेरघर. शांतारामबापूंचा 'पिंजरा' तिथे शंभराहून जास्त आठवडे चालला. वास्तू मूळ इंदूरच्या किबे घराण्याची. २०१४ च्या अखेरीस प्रभातचा करार संपला आणि पुणेकरांना वाटलं, आता इथेही गाळे निघणार. तसं झालं नाही. दुरुस्ती होऊन किबे लक्ष्मी थिएटर या नावाने तिथे पुन्हा चित्रपट लागला. नाव बदललं म्हणून हळहळणारे तेव्हा पुष्कळ भेटले. मला उलट वाटतं. आर्यनचं नाव राहिलं आणि पडदा गेला; प्रभातचं नाव गेलं आणि पडदा राहिला. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी पडदा घेईन.

आपल्याकडे एक अट आहे. टॉकीजच्या जागी दुसरं काही बांधायचं तर नव्या इमारतीत, थोड्या आसनांचं का होईना, थिएटर ठेवावं लागतं. मालकांच्या संघटना ही अट काढा म्हणून मागणी करत आल्या आहेत. त्यांची अडचण खोटी नाही. तोट्याचा धंदा कुणी जन्मभर का करावा? पण अट काढून टाकली की दहा वर्षांत पेठांतून, तालुक्याच्या गावांतून पडदा नाहीसा होईल, आणि अट नुसती कागदावर ठेवली तर आमच्या टॉकीजसारखी कुलपं लोंबकळत राहतील. मला वाटतं, मधला रस्ता आहे. आठशे खुर्च्यांची आता गरज नाही. दीडशे-दोनशेंचं छोटं थिएटर बांधा, वर खुशाल दुकानं काढा, पण त्या थिएटरमध्ये पुढच्या चार रांगा स्वस्त ठेवा. मालकाला त्या बदल्यात घरपट्टीत, विजेच्या दरात काही द्या. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे स्वस्त तिकिटाला सवलत देता येते हे सरकारलाही पटलेलं आहे. आज पाच जणांचं घर पिक्चरला निघालं तर रिक्षा, तिकिटं आणि मक्याच्या लाह्या धरून पाचशेच्या तीन नोटा सहज मोडतात. विड्या वळणारी बाई दुपारच्या खेळाला येणार कशी?

आणि दुरुस्तीला हात घालाल तेव्हा दर्शनी भागापासून सुरुवात करू नका. आधी बायकांचा संडास बांधा, त्याला कडी लावा. मग मुतारी. मग ढेकूण. नक्षीदार कमानी, जुनी पोस्टरं, ते सगळं नंतर. वारसा म्हणून आपण जे जपायला निघतो त्यात हे बसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आमच्या टॉकीजच्या आत मी मागच्या वर्षी गेलो होतो. रखवालदार ओळखीचा. पडद्याला मधोमध चीर गेली आहे, पत्र्यातून उजेडाच्या सुया खाली येतात, बाल्कनीत कबुतरं. केबिनमध्ये दोन्ही मशिनं अजून आहेत. मामू आता ऐंशीच्या पुढे आहेत, जिना चढवत नाही, पण त्यांनी खालून विचारलं, "तेल डाला क्या किसी ने?" कुणी टाकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी शिवणयंत्राचं तेल घेऊन गेलो आणि ते सांगतील तिथे तिथे टाकलं. ते खाली खुर्चीवर बसून मोबाइलवर सांगत होते: गेटपाशी दोन थेंब, स्प्रॉकेटला एक, बस्स, जादा नको. चाक हाताने फिरवलं तेव्हा ते फिरलं.

मी तिथे असताना एक वहीही सापडली, बुकिंगची. रोजचा खेळ, वर्गवार विकलेली तिकिटं, कर, शिल्लक, सगळं निळ्या शाईत. शेवटची काही पानं उंदरांनी खाल्लीत. कुठल्या पिक्चरला बायकांची बाजू भरली, कुठल्या दिवशी दंग्यामुळे खेळ बंद, पावसात किती माणसं आली, हे सारं त्या आकड्यांत आहे. मालकांच्या परवानगीने मी तिचे फोटो काढून घेतले. तुमच्या गावातल्या बंद टॉकीजमध्येही अशी वही असेल, आणि तुमच्या गावातही एखादे म्हातारे ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क असतील. पावसाळ्याच्या आधी वही बाहेर काढा, आणि त्यांच्याकडे जाताना कागद-पेन घेऊन जा.